जुना मायक्रोमीटर घ्यायचा तर आधी तोंडं बघा

गोव्यात जुनी मोजमापाची साधनं विक्रीला येण्याची कारणं इथलीच आहेत. लोहखाणी २०१२ मध्ये थांबल्या, मधे थोड्या चालल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. खाणीवर आणि बार्जवर (खनिज वाहणाऱ्या सपाट बोटींवर) जगणाऱ्या वर्कशॉपचं काम आटलं आणि टूलरूमची कपाटं रिकामी होऊ लागली. वास्कोची गोदी तर १९५७ सालची, पोर्तुगीज काळातली, म्हणजे त्या परिसरात तीन पिढ्यांचे फिटर-टर्नर झाले. त्यांच्या घरी पोटमाळ्यावर तेलकट फडक्यात गुंडाळलेला मायक्रोमीटर, म्हणजे स्क्रूने बारीक माप घेणारं साधन, निघणं नवलाचं नाही.

त्यामुळे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नशीब अजमावण्यापेक्षा डिचोली, कुडचडे, वास्को भागातल्या भंगारवाल्यांशी ओळख ठेवणं फायद्याचं. निवृत्त टर्नरच्या घरचा माल सगळ्यांत चांगला, कारण तो एकाच हाताखाली वापरलेला असतो. बेळगावचं उद्यमबाग आणि कोल्हापूरची शिरोली इथल्या जुन्या मशीन विकणाऱ्यांकडेही मशीनबरोबर पेटीभर साधनं येतात. मुंबईची नागदेवी स्ट्रीट आणि पुण्याचा जुना बाजार इथे माल भरपूर, पण विकणाऱ्याला ब्रँडची किंमत ठाऊक असते आणि घासून चकाचक केलेला माल तिथेच जास्त.

फ्रेमवर कारखान्याचा नंबर ठोकलेला असेल तर लिलावाची पावती किंवा गेटपास मागून घ्या. चोरीचा माल स्वस्तच मिळतो.

टपरीवर काय तपासायचं

खिशात एवढं ठेवा: दहापट दाखवणारं भिंग, छोटी टॉर्च, आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली, चहाच्या टपरीवरचा नव्हे असा स्वच्छ पातळ कागद, एक-दोन चांगल्या स्लिप गेज (ठरावीक अचूक जाडीचे ठोकळे) आणि ३/१६ इंची, म्हणजे ४.७६ मिलिमीटरची, नवी बेअरिंगची गोळी. सायकलच्या पुढच्या चाकात असते तीच, पण बेअरिंगच्या दुकानातून नवी घ्या.

जुन्या मायक्रोमीटरची खरी किंमत दोन जागी असते. एक, अ‍ॅन्व्हिल (फ्रेमवरचा स्थिर ठोकळा) आणि स्पिंडल (पुढे-मागे सरकणारा दांडा) यांची मापाची तोंडं, दोन, आतला स्क्रू. फ्रेमचा रंग उडालेला, पेटी हरवलेली, वर कोणाचं नाव खोदलेलं, हे सगळं चालतं. तोंडं खराब असतील तर कंपनी स्टारेट असो की टेसा, ती शोभेची वस्तू आहे.

आधी स्पिंडल अडकवणारं लॉक सोडा. ‘जाम झालाय’ म्हणून स्वस्तात देऊ केलेल्या साधनांपैकी बऱ्याच जणांचं नुसतं लॉक लागलेलं असतं. मग थिंबल, म्हणजे फिरणारी आकड्यांची नळी, पूर्ण प्रवासभर फिरवा, बोटांच्या टोकांनी, हळू. मधेच जड आणि पुन्हा हलकं होत असेल तर स्क्रूत घाण आहे किंवा स्पिंडल वाकलाय. घाण असेल तर जडपणाची जागा दर फेरीला थोडी बदलते आणि फिरवत राहिल्यावर कमी होते. वाकलेला स्पिंडल प्रत्येक फेरीत त्याच कोनात जड होतो. वाकलेला घेऊ नका, सरळ करायच्या भानगडीत पडू नका.

आता तोंडं. दोन्ही तोंडांमध्ये कागद धरा, रॅचेटने (टोकाच्या टिकटिकणाऱ्या घुंडीने) हलकं आवळा आणि कागद ओढून काढा. घाण निघते. कागद फाटून कपटा आत राहिला तर पुन्हा करा, नाहीतर तोच कपटा पुढची सगळी मापं बिघडवेल. मग टॉर्चच्या उजेडात भिंगाने बघा. काठाला कपच्या उडाल्या असतील, मध्ये काळसर खड्डे असतील, तर पुढे जायची गरज नाही.

चकचकीत दिसणारी तोंडंही मधे खोलगट झालेली असू शकतात. हजारो वेळा शाफ्ट मधोमध मोजला की झीज मधेच होते. तोंडं मिटवून शून्य तपासलं तर ही झीज दिसत नाही, कारण तेव्हा न झिजलेले काठ एकमेकांना टेकतात. शून्य बरोबर, माप चूक, असा हा प्रकार. त्यासाठीच गोळी. जाड पुठ्ठ्याच्या पट्टीला भोक पाडून गोळी त्यात घट्ट बसवा म्हणजे पट्टी धरून गोळी हवी तिथे नेता येते. एकदा तोंडांच्या मधोमध मोजा, मग काठापासून मिलिमीटरभर आत, चार बाजूंना. मधलं वाचन काठांपेक्षा कमी आलं की तोंडं खोलगट. एका बाजूला कमी आणि समोरच्या बाजूला जास्त आलं तर तोंडं समांतर नाहीत, म्हणजे बहुधा साधन कधीतरी खाली पडलंय आणि फ्रेम पिळली गेलीय. साध्या लेथकामाला ४-५ मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक चालवून घेता येईल, त्यापुढे नाही. हे करताना शतांश मिलिमीटरच्या दोन रेघांच्या मधलं अंदाजाने वाचावं लागतं, म्हणून रेघा बारीक आणि स्वच्छ असलेलं साधन निवडायला सोपं जातं.

तोंडावर कार्बाइडच्या चकत्या बसवलेल्या असतील तर झीज नगण्य, पण कार्बाइड ठिसूळ असतं. काठाची कपची भिंगाखालीच दिसते.

इंच की मिलिमीटर

गोव्यात दोन्ही सापडतात. पोर्तुगालचं मोजमाप दशमान होतं, पण खाणीच्या अवजड यंत्रांत आणि बोटींच्या जुन्या इंजिनांत इंचाचे भाग भरपूर, त्यामुळे टूलरूममध्ये इंची साधनं ठेवावीच लागत. ती आज मिलिमीटरच्या साधनांपेक्षा स्वस्त जातात, कारण नव्या मुलांना वाचता येत नाहीत. शिकायला दहा मिनिटं लागतात. इंची मायक्रोमीटरच्या स्क्रूला इंचात ४० आटे, एका फेरीला ०.०२५ इंच, थिंबलवर २५ भाग, एक भाग म्हणजे एक थाऊ, इंचाचा हजारावा भाग. स्लीव्हवर (थिंबलखालच्या स्थिर नळीवर) ३ चा आकडा दिसतोय, त्यापुढे दोन लहान रेघा उघड्या आहेत आणि थिंबल ७ वर आहे, तर ०.३०० + ०.०५० + ०.००७ = ०.३५७ इंच, म्हणजे ९.०६८ मिलिमीटर. एक थाऊ २५.४ मायक्रॉन, आणि आपलं एक सूत म्हणजे १२५ थाऊ. मिलिमीटरच्या मायक्रोमीटरला आट्याचा पिच (दोन आट्यांतलं अंतर) अर्धा मिलिमीटर आणि थिंबलवर ५० भाग. त्यात नवशिक्याची ठरलेली चूक एकच: अर्ध्या मिलिमीटरची रेघ उघडी पडली की नाही हे नीट न बघता वाचणं. माप बरोबर अर्ध्या मिलिमीटरने चुकतं. शंका आली की आधी व्हर्नियरने (सरकत्या जबड्याच्या मापपट्टीने) ढोबळ माप घ्या.

कोणतं नाव घ्यावं

मायक्रोमीटरचं पेटंट झॉं लोरां पामेर या फ्रेंच माणसाने १८४८ मध्ये घेतलं. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात ते पाहून अमेरिकेच्या ब्राउन अँड शार्पने पुढच्या वर्षी आपलं बाजारात आणलं. संग्राहक ब्राउन अँड शार्प आणि १८८० मध्ये सुरू झालेल्या स्टारेटच्या मागे असतात. आपल्याकडे मात्र शेफील्डचे मूर अँड राइट, स्विस टेसा, जपानी मिटुटोयो, जर्मन माउझर आणि कार्ल झाइस येना अधिक आढळतात. रशियन साधनंही भारतात भरपूर आली. ती दिसायला ओबडधोबड, पण स्क्रू बहुतेक वेळा उत्तम आणि भाव कमी. वापरायला घ्यायचं असेल तर त्यांच्याकडे नाक मुरडू नका.

काळ ओळखायला देशाचं नाव कामी येतं. ‘वेस्ट जर्मनी’ किंवा ‘जीडीआर’ असं कोरलेलं असेल तर साधन १९४९ ते १९९० मधलं. ‘यूएसएसआर’ असेल तर १९९१ किंवा त्याआधीचं. नकली माल नव्या दिसणाऱ्या साधनांत जास्त, जुन्यात कमी. तरी भिंगाखाली रेघांची जाडी असमान, अक्षरं फुगलेली, अनुक्रमांकच नाही, अशी लक्षणं दिसली की सोडून द्या.

किमतीबाबत एक हिशेब बरा पडतो. चांगल्या कंपनीचं तेवढ्याच मापाचं नवं साधन जेवढ्याला मिळतं, त्याच्या निम्म्याहून जास्त द्यायचं ते फक्त संग्रहासाठी. २५ मिलिमीटरच्या पुढचे मायक्रोमीटर घेताना त्यांचा सेटिंग रॉड मागा. रॉड नसेल तर शून्य लावायला तेवढ्या मापाची स्लिप गेज जवळ हवी.

घरी आणल्यावर

पुसलं आणि वापरायला घेतलं, असं करू नका. थिंबल पूर्ण मागे फिरवत गेलात की स्पिंडल बाहेर निघतो. दोन मायक्रोमीटर एकाच वेळी उघडू नका. स्पिंडल आणि नट जोडीने लॅप केलेले (बारीक घासून जुळवलेले) असतात, अदलाबदल झाली तर दोन्ही साधनं वाया.

गोव्यात साठलेल्या साधनांच्या आट्यांत हमखास एक चॉकलेटी गोंदासारखा थर असतो: सुकलेलं तेल, लोखंडी चुरा आणि खनिजाची लाल धूळ. ही धूळ लोहखनिजाची असते आणि बारीक पॉलिश पावडरसारखी आटे खाते. म्हणून तेल घालून ‘मोकळं’ करणं हा सगळ्यांत वाईट उपाय, त्याने चुरा आटाभर पसरतो. आधी रॉकेलमध्ये किंवा मिनरल टर्पेन्टाइनमध्ये रात्रभर बुडवा, मग मऊ दातब्रशने आट्यांच्या दिशेने घासा आणि शेवटी आयसोप्रोपिलने धुऊन वाळवा. नटचे आतले आटे साफ करायला काडीला गुंडाळलेला कापूस नको, त्याचे तंतू अडकतात. नायलॉनचा बारीक बाटलीब्रश घ्या.

अजिबात न हलणाऱ्या थिंबलला पेनिट्रेटिंग तेलात एक-दोन दिवस ठेवा आणि मग कोमट करा. उन्हात ठेवलेली डबी पुरते. गॅस टॉर्चची आग नको, स्पिंडलचा कडकपणा जाईल. पान्यात धरून पिळू नका.

साफ झाल्यावर स्पिंडल पुन्हा घाला, हलक्या इन्स्ट्रुमेंट ऑइलचा एक थेंब आट्यांवर सोडा आणि प्ले बघा. थिंबल धरून स्पिंडल पुढे-मागे ओढला तर हालचाल जाणवता कामा नये. जाणवत असेल तर थिंबल मागे नेल्यावर दिसणारा ॲडजस्टिंग नट आवळा, एका वेळी फेरीच्या आठव्या भागापेक्षा जास्त नाही, आणि दर वेळी पूर्ण प्रवास फिरवून बघा. इथे एक अडचण येते. वर्षानुवर्षं एकाच मापाचे जॉब मोजलेल्या साधनात स्क्रूचा तेवढाच भाग झिजलेला असतो. तिथला प्ले घालवायला नट आवळला की बाकीच्या, न झिजलेल्या भागात थिंबल जड होतो. मग मधला मार्ग काढावा लागतो: न झिजलेल्या भागात सहज फिरेल इतकंच आवळायचं आणि झिजलेल्या टप्प्यातली चूक नोंदवून ठेवायची.

शून्य लावायचं काम यानंतरचं. रॅचेट तीनदा टिकटिकेपर्यंत फिरवा, तीन-चार वेळा शून्य बघा. प्रत्येक वेळी वेगळं येत असेल तर तोंडं अजून घाण आहेत, शून्य लावण्यात अर्थ नाही. एकसारखं येत असेल आणि फरक ०.०१ मिलिमीटरच्या आत असेल, तर स्लीव्हच्या मागच्या भोकात हुकवाला पाना अडकवून स्लीव्ह हलकेच फिरवा. फरक त्याहून जास्त असेल तर रॅचेटकडून थिंबल सैल करून तो शून्याजवळ आणा, पुन्हा आवळा आणि उरलेला बारीक फरक स्लीव्हने काढा.

मग स्लिप गेजवर तपासणी. २५ मिलिमीटरच्या साधनासाठी नेहमीचे टप्पे असे: २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९, १५.०, १७.६, २०.२, २२.८ आणि २५.० मिलिमीटर. हे आकडे विचित्र वाटले तरी हेतुपुरस्सर आहेत. ५, १०, १५, २० अशा गोल मापांना थिंबल दर वेळी शून्यावरच येतो, त्यामुळे फेरीच्या बाकी कोनांतली चूक लपून राहते. वरच्या मालिकेत, शेवटचा टप्पा सोडला तर, थिंबल दर वेळी फेरीच्या एक पंचमांशाने पुढे सरकतो आणि स्क्रूची डगमग पकडली जाते. ४ मायक्रॉनच्या आत सगळं आलं तर साधन नव्याच्या तोडीचं आहे.

गंज

गोव्यात साधनं वापराने कमी आणि कपाटात जास्त मरतात. हवेची आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाचं गंजणं वेग घेते, पावसाळ्यात ती नव्वदच्या आसपास असते, आणि समुद्रावरून येणारा क्षार पृष्ठभागावर बसून हवेतलं पाणी ओढून घेतो. घामातही तोच क्षार. उघड्या पोलादावर दुपारी उमटलेला अंगठा सकाळी तपकिरी झालेला दिसतो.

आधीच चढलेला गंज काढताना हात आवरा. फ्रेमवर सर्वांत बारीक, ०००० नंबरची स्टील वूल आणि तेल चालेल. स्लीव्ह, थिंबल आणि व्हर्नियरच्या पट्टीवर ती नको, रेघांतला काळा रंग निघून जातो आणि सॅटिन क्रोम चकाकायला लागलं की वाचताना डोळे दिपतात. मापाच्या तोंडांना कसलाही कागद, पेस्ट, स्टोन लावायचा नाही. तोंडं लॅप करणं हे प्रयोगशाळेचं काम. तांब्याची भांडी घासायला घरात सोलां (आमसुलं), चिंच, लिंबू असतं म्हणून ते साधनावर चोळण्याचा मोह होतो, आणि गंज खरोखर जातोही. पण आम्ल लोखंडही खातं आणि पट्टी कायमची करडी, खरबरीत होते. व्हिनेगरचंही तेच. बॅटरी चार्जर लावून पाण्यात गंज काढायची युक्ती फ्रेमसारख्या ओतीव भागाला ठीक, कडक केलेल्या स्पिंडलला नाही, हायड्रोजन शिरून तो ठिसूळ होऊ शकतो.

ठेवण्याच्या बाबतीत मूळ पेटीचा हट्ट सोडा. आत मखमल किंवा फेल्ट लावलेली लाकडी पेटी सुंदर दिसते, पण ओलावा धरून ठेवते, आणि चामड्याच्या म्यानात तर टॅनिनचं आम्ल असतं. पावसाळाभर पेटी वेगळी ठेवा आणि साधन व्हीसीआय कागदात (गंजरोधक वाफ सोडणाऱ्या कागदात) गुंडाळून, झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलबरोबर ठेवा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवून परत वापरता येतं. साधनं जास्त असतील तर लोखंडी कपाटात तळाशी १५ वॅटचा पिवळा बल्ब सतत चालू ठेवायचा जुना मार्ग अजूनही चांगला. कपाटाच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा काही अंश गरम राहिली की तिची आर्द्रता आपोआप उतरते. एलईडीने हे होत नाही, ती तापत नाही.

तेल कोणतं? शिलाई मशीनचं पातळ तेल रोजच्याला बास. लांब मुदतीला लॅनोलिनयुक्त किंवा मेणाचा थर सोडणारं गंजरोधक. खोबरेल तेल नको: हवेने खवट होऊन आम्ल बनतं आणि आट्यांत चिकट थर साठतो. स्प्रे डब्यातलं पाणी हटवणारं तेल पुसण्यापुरतं ठीक, त्याचा थर महिनाभरातच विरळ होतो. तोंडं मिटवून ठेवू नका, मिलिमीटर-दोन मिलिमीटरची फट ठेवा आणि लॉक सैल.

दसऱ्याला शस्त्रपूजनात हळद-कुंकू आणि झेंडूची फुलं थेट साधनावर वाहिली जातात. ओली हळद दोन दिवस पोलादावर बसली की डाग पडतोच. पेटीची पूजा करा.

एसीमुळे होणारा प्रकार बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पावसाळ्यात इथल्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. २२ अंशांच्या खोलीतून साधन बाहेर लेथपाशी आणलंत की त्यावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा बसतो. बाहेर नेण्याआधी बंद डब्यातच अर्धा-पाऊण तास ठेवून हवेइतकं गरम होऊ द्या, मगच डबा उघडा.

गरमी आणि माप

सगळ्या मापांचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस आहे. मे महिन्यात वर्कशॉप ३३ अंशांवर. तरी पोलादाचा जॉब पोलादी मायक्रोमीटरने मोजताना घाबरायचं कारण नाही, दोन्ही त्याच प्रमाणात फुगतात. फक्त दोघांचं तापमान एक हवं. लेथवरून आत्ताच उतरलेला १०० मिलिमीटरचा जॉब हाताला कडत लागतोय, समजा ५० अंश, तर तो ३३ अंशांच्या साधनापुढे सुमारे २० मायक्रॉन मोठा मोजला जातो. तुम्ही तेवढा कापता आणि थंड झाल्यावर शाफ्ट लहान निघतो. धातू वेगळा असेल तर थंड होऊनही फरक राहतो. पोलाद एका मीटरला दर अंशाला ११.५ मायक्रॉन वाढतं, गनमेटल १८ च्या आसपास, ॲल्युमिनियम २३. म्हणून ३३ अंशांवर मोजलेला १०० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा भाग २० अंशांवरच्या खऱ्या मापापेक्षा साधारण १५ मायक्रॉन मोठा दिसतो, गनमेटल ८-९.

मोठ्या मायक्रोमीटरची फ्रेम उघड्या हातात धरून ठेवली की तीच तापते आणि लांबते. फ्रेमवरचे प्लास्टिकचे किंवा रबरी पॅड त्यासाठीच आहेत, निघाले असतील तर फडकं गुंडाळा.

ट्रॉलरचा शाफ्ट मोजताना

मालीम किंवा कुटबणच्या जेटीवरून अडीच इंची शाफ्ट दुरुस्तीला आला, असं धरा. नाममात्र ६३.५ मिलिमीटर, म्हणजे ५०–७५ चा मायक्रोमीटर. तीन जागा मोजायच्या: जिथे कधीच काही घासलं नाही ती, ग्लँड पॅकिंगखालची (पाणी अडवणाऱ्या वेटोळ्यांखालची) आणि बुशखालची (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीखालची). प्रत्येक जागी काटकोनात दोनदा. बुशखाली ६३.०२ आणि ६३.१० आलं तर शाफ्ट ०.०८ ने अंडाकृती झालाय, नुसता नवा बुश बसवून भागणार नाही.

ग्लँडखाली खरी फसगत होते. पॅकिंगने शाफ्टवर अरुंद चर पाडलेले असतात आणि मायक्रोमीटरचं तोंड साडेसहा मिलिमीटर रुंद. तोंड चराच्या दोन्ही काठांवर बसतं आणि शाफ्ट झिजलाच नाही असं दाखवतं. पातळ पात्याच्या तोंडाचा ब्लेड मायक्रोमीटर मिळाला तर घेऊन ठेवावा, भंगारात त्याला कोणी विचारत नाही. नसेल तर चरावर सरळ पट्टी आडवी धरून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) खोली काढा आणि दुप्पट करून वजा करा.

मायक्रोमीटर दोनच बिंदूंवर मोजतो, हेही लक्षात असू द्या. सेंटरलेस ग्राइंडिंगमध्ये (शाफ्ट सेंटरवर न धरता घासताना) कधी कधी शाफ्टला तीन कंगोरे येतात. तो कुठूनही मोजा, व्यास एकच येतो आणि बुशात मात्र अडकतो. व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून वर डायल (काट्याने बारीक हालचाल दाखवणारं साधन) लावून फिरवला की कंगोरे काटा हलवून दाखवतात.

इंजिनाच्या लायनरच्या बोअरसाठी (सिलिंडरच्या नळीच्या आतल्या भोकासाठी) जुने रॉडवाले इनसाइड मायक्रोमीटर उत्तम आणि स्वस्त. ते बोअरमध्ये झुलवून वाचायचे: आडव्या दिशेने सर्वांत मोठं वाचन, अक्षाच्या दिशेने सर्वांत लहान, दोन्ही जिथे जुळतात ते माप. रॉडची खांद्याची बाजू पुसल्याशिवाय बसवलात तर तेवढी धूळ मापात मिळते.

व्हर्नियर, डायल, स्लिप गेज

व्हर्नियरचे जबडे मिटवून उजेडासमोर धरा. तीनेक मायक्रॉनची फटही डोळ्यांना दिसते. टोकाला फट आणि मुळाशी बंद, तर टोकं झिजलेली. जबड्यांच्या मुळाशी मोजलं तर असं साधन अजून बरंच चालतं. मोजताना जॉब नेहमी पट्टीजवळ धरा, कारण व्हर्नियरची पट्टी मापाच्या रेषेत नसते, सरकत्या जबड्याला थोडा प्ले असला की टोकाकडे चूक वाढते. जुन्या इंग्लिश-अमेरिकन व्हर्नियरना वर चोचीसारखे आतले जबडे नसतात. जबड्यांच्या टोकांच्या गोलसर बाहेरच्या बाजूने भोक मोजायचं आणि त्यांची रुंदी वाचनात मिळवायची. ही रुंदी जबड्यावर कोरलेली असते, मिलिमीटरच्या साधनांवर बऱ्याचदा १० मिलिमीटर, पण झिजलेली असते म्हणून मायक्रोमीटरने मोजून घ्या. काहींवर आतल्या मापाची वेगळी पट्टी असते, तिथे काही मिळवायचं नाही. घेण्याआधी पट्टीच्या दोन्ही बाजू बघा.

डायल गेजच्या प्लंजरला तेल घालू नका. अडकणाऱ्या डायलपैकी बहुतेक कोणीतरी तेल घातल्यामुळेच अडकलेली असतात. आयसोप्रोपिलने प्लंजर पुसा, वाळवा, कोरडाच चालू द्या. पुण्यात बनलेले बेकर मर्सर आपल्याकडे मुबलक आणि दुरुस्त करणारेही आहेत. लिव्हरवाल्या डायलला जॉबशी कोन झाला की वाचन फुगतं: ३० अंशांत खरं माप वाचनाच्या ०.८७ पट, ६० अंशांत निम्मं. टोकाची गोळी-काडी बदलताना मूळ लांबीचीच लावा, नाहीतर अख्खी पट्टीच खोटी होते.

स्लिप गेजचा सेट अर्धवट असेल तर सहसा घेऊ नका, कारण हरवलेल्या गेज नेमक्या रोजच्या वापराच्या असतात. ८७ तुकड्यांच्या सेटमध्ये ३८.१२५ मिलिमीटर असं बांधतात: १.००५, १.१२, ६ आणि ३०. शेवटच्या दशांशापासून सुरुवात करायची म्हणजे तुकडे कमी लागतात. दोन गेज स्वच्छ करून एकमेकींवर सरकवत दाबल्या की चिकटल्या पाहिजेत. न चिकटणारी गेज एकतर ओरखडलेली किंवा काठाला बर (उभारलेली खरखरीत धार) असलेली. बर काढायला खास गुळगुळीत स्टोन मिळतो, फाइल नव्हे. चिकटवलेल्या गेज काम संपल्यावर लगेच सोडवा. इथल्या हवेत रात्रभर तशाच राहिल्या तर सांध्यात गंज धरतो आणि सोडवताना पृष्ठभाग उपटून येतो.

प्रयोगशाळेत काय पाठवायचं

सगळी साधनं कॅलिब्रेशनला (प्रमाणाशी ताडून तपासायला) पाठवणं खर्चिक आणि बिनकामाचं. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत फक्त स्लिप गेजचा सेट पाठवा, तोंडं शंकास्पद असलेला एखादा महागडा मायक्रोमीटर वाटलाच तर सोबत. बाकीची साधनं त्या सेटवर घरी तपासता येतात. तोंडांची सपाटी आणि समांतरता बघायला ऑप्टिकल फ्लॅट (अत्यंत सपाट काच) लागतो. समांतरतेसाठी १२.००, १२.१२, १२.२५ आणि १२.३७ मिलिमीटरच्या चार काचांचा सेट असतो, स्पिंडल पाव-पाव फेरीवर आणून बघायला. जुन्यात तो मिळाला तर काच ओरखडलेली नाही ना एवढं पाहून घ्या.

प्रत्येक साधनासाठी एक कार्ड ठेवा. त्यावर अनुक्रमांक, कुठून घेतलं, वरच्या दहा टप्प्यांवरची चूक, तपासल्याची तारीख आणि त्या वेळचं तापमान. १७.६ वर ६ मायक्रॉन जास्त दाखवणारं साधन टाकून द्यायला नको, तेवढे वजा करून ते बिनदिक्कत वापरता येतं. तपासणी वर्षातून दोनदा पुरते. एकदा मे संपताना, साधनं डब्यात बंद करण्याआधी, आणि एकदा ऑक्टोबरात हवा कोरडी पडायला लागल्यावर.